हातभर बर्फ

२८ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! पुढच्या सीटवर माझा नवरा वेंडेल, मागे त्याची चाकाची खुर्ची, भांड्यांची खोकी आणि माझे झाडू. एवढे झाडू कशाला, असं निघताना बहीण विचारत होती. तिच्या घरात कोपऱ्याकोपऱ्यात जळमटं लोंबतात, तिला झाडूचं काय कळणार?

सॅमन बेंडला गाव म्हणावं तर गाव नाही. ना नगरपालिका, ना महापौर, ना पोलीस. हमरस्त्यावर एक दुकान, तेच पोस्ट आणि तोच गप्पांचा अड्डा. शेजारी बार, पलीकडे आगीच्या बंबाची शेड, आणि मग झाडीत विखुरलेली लाकडी घरं, थेट नदीपर्यंत. बहुतेक घरं शहरवाल्यांची. उन्हाळ्यात मासे धरायला येतात, हिवाळ्यात वरच्या उतारावर स्की करायला, तेही मनात आलं तर. बाकी वेळ कुलूप. त्या कुलपांची राखण हे आता माझं काम. छपरावरचा बर्फ उतरवायचा, वाटा मोकळ्या ठेवायच्या, नळ गोठू द्यायचे नाहीत. पन्नाशी उलटलेल्या बाईला हे झेपेल का, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझे दंड बघितलेले नाहीत.

वेंडेलला मार्चमध्ये पक्षाघात झाला. तेव्हापासून उजवी बाजू लुळी आणि तोंडातून एकच शब्द, "बरं." भूक लागली का? बरं. दुखतंय का? बरं. मी जीव देऊ का आता? बरं. यापुढे फार सुधारणा होईल असं धरून चालू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही चाला तुमचं धरून! मोकळी हवा, नदीचा आवाज आणि माझ्या हातचं सूप. वसंत येईपर्यंत याला मी पायावर उभा करणार. त्याच्यासाठीच तर भाड्याचं घर सोडून इथे आले.

३० नोव्हेंबर

आधीचे राखणदार ओटिस आज सगळी घरं फिरवून दाखवून गेले. त्यांची कंबर गेलीय, ते मुलीकडे ॲरिझोनात राहायला चाललेत. प्रत्येक फाटकाशी एक उंच काठी रोवलेली आहे. घरात माणूस असेल तर काठीला लाल कापड बांधायचं, घर बंद करून निघालं की सोडायचं. बर्फ लोटायचा ट्रक हार्लन नावाचा माणूस चालवतो. तो फक्त लाल कापडवाल्यांच्या वाटा उघडतो, आणि मोठा बर्फ पडला की शेडवरचे लोक त्यांचीच दारं आधी ठोठावतात. मला पटलं. मी लगेच आमच्या काठीला माझा चांगला लाल स्कार्फ बांधून टाकला.

दुसऱ्या नियमाला मात्र हसू आवरेना. रिकाम्या घराची वाट मोकळी करताना म्हणे दारापर्यंत जायचं नाही. उंबऱ्याशी हातभर बर्फ ठेवायचा. का हो, म्हटलं. तर म्हणाले, ठेवायचा, इथे सगळे ठेवतात, आणि दुसऱ्याच घराकडे चालायला लागले. अहो, सरळ सांगा ना की कंबर वाकत नाही!

४ डिसेंबर

आमचं घर उताराच्या वरच्या अंगाला, रस्ता मागे, नदी समोर. वेंडेलची खुर्ची मोठ्या खिडकीशी लावली. तिथून उतार, देवदार, नदी आणि काठावरचं एकच घर दिसतं. त्याला लुंडांचं घर म्हणतात. दिवसभर तो तिकडेच बघत बसतो.

दुकानात डॉटी क्रेब्सशी चांगलं सूत जमलं. दुकान तिचंच. बाई तोंडाची फटकळ, पण मनाची चांगली. वेंडेलला आत नेलं, तिने हवापाण्याचं विचारलं, तो म्हणाला बरं. तिने राजकारणाचं विचारलं, तो म्हणाला बरं. ती मला म्हणते, अगं, असा नवरा कुठे मिळतो त्याचा पत्ता दे, माझा तर झोपेतसुद्धा वाद घालायचा. खूप दिवसांनी पोट धरून हसले.

मोबाईल इथे लागत नाही. घरात फोन आहे, पण डॉटी म्हणते, जोराचा वारा सुटला की पहिला तोच मरतो.

९ डिसेंबर

आज लुंडांच्या घराची पाळी. आताचे मालक शहरात असतात, कधी फिरकत नाहीत. छप्पर मोकळं केलं, मग वाट. दाराशी आले आणि थांबले. पुढे उरला होता हातभर बर्फ. ठेवायचा म्हणे! मला असलं अर्धवट काम बघवत नाही. भांडी घासायची आणि बुडं काळी ठेवायची, तसलाच प्रकार. सगळा उपसला, पायऱ्या खरवडल्या, गाडीतून झाडू आणून उंबरा कोपऱ्यासकट झाडून काढला. असा लख्ख झाला की दारावर टकटक करून म्हटलं, घ्या, आता या खुशाल.

वर आले तर वेंडेल खिडकीशी हसत होता. अर्धंच तोंड हसतं बिचाऱ्याचं, पण मार्चनंतर पहिल्यांदा हसला.

१० डिसेंबर

लुंडांच्या घरी कोणीतरी आलंय! त्यांच्या दारापासून नवी वाट काढलीय, आमच्या दिशेने, उतारावर. बघायला गेले. काम काय सुरेख! कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ, तळ झाडलेला. मोठ्या वाटेच्या बाजूला एक चिमुकली वाट, पोराने खेळातल्या फावड्याने काढल्यासारखी. दार ठोठावलं, कोणी उघडलं नाही. गाडी नाही, धूर नाही. स्की करायला वर गेले असतील. काठीला कापड बांधायला विसरलेत, भेटले की सांगायला हवं.

१२ डिसेंबर

वाट देवदारापर्यंत आली. पुन्हा ठोठावलं, पुन्हा कोणी नाही.

पण ते राहू दे. आज वेंडेल बोलला! मी त्याच्या मांडीवर पांघरूण घालत होते, आणि तो स्वच्छ म्हणाला, "नोरीन." माझं नाव. मी तिथेच फतकल मारून रडले. पुन्हा म्हण, म्हटलं. पुन्हा म्हणाला. डॉक्टरांना फोन करून कळवलं, ते म्हणाले, असं कधीकधी होतं, फार आशा लावू नका. फोन आपटलाच मी.

१५ डिसेंबर

दुकानात सगळ्यांना वेंडेलची बातमी सांगितली. डॉटीने आनंदाने टाळ्या वाजवल्या, शेजारच्या बारमधून आलेल्यांनी पेले उंचावले. मग मी सहज म्हटलं, लुंडांच्या घरी जे आलेत त्यांच्याकडून हार्लनने जरा शिकावं, बर्फ कसा उपसतात ते.

हार्लन हातातला कप ठेवून माझ्याबरोबर आला. आमच्या ओसरीवरून त्याने वाट बघितली. आज ती उताराच्या मध्यावर आहे. त्याने एवढंच विचारलं, की बाई, तुम्ही दारापर्यंत उपसलं होतं का? म्हटलं, हो, आणि झाडलंसुद्धा. तो तडक ओसरी उतरला आणि डॉटीला बोलवायला गेला.

मग डॉटी आली आणि तिने सांगितलं. लुंड नवरा-बायको आणि दोन पोरं, शहरातली. एका नाताळात कोणाला न कळवता आले. काठीला कापड बांधायचं राहून गेलं. मागच्या कड्यावरचा सगळा बर्फ सुटला आणि घर त्याखाली गेलं. तेव्हा ट्रक हार्लनचे वडील चालवायचे, हार्लन शेजारी बसलेला. काठीला कापड नव्हतं म्हणून थांबले नाहीत. नदीकडून ठोकल्यासारखा आवाज आला होता म्हणे. वडील म्हणाले, नदीवरचा बर्फ तडकतोय. वसंतात बर्फ वितळला तेव्हा चौघं सापडली, दाराच्या आत, हातात भांडी, आतून खणत खणत बाहेर पडायला हातभरच अंतर उरलं होतं. तेव्हापासून इथे कोणी रिकाम्या घराच्या दारापर्यंत उपसत नाही. कारण उपसलं की त्यांना वाटतं, आलं कोणीतरी. मग तेही यायला निघतात. जो घरात अडकून बसलाय त्याला काढायला.

म्हटलं, डॉटी, दिवसाढवळ्या काय हे! ती म्हणाली, एकदा एका स्की शिकवणाऱ्या मुलाने असंच केलं होतं. पायाला प्लास्टर होतं त्याच्या, घरात बसून असायचा. घर सापडलं ते दार उघडं, शेगडी गरम, उंबरा झाडलेला. मुलगा नाही.

मी हसले. पण वेंडेलची खुर्ची खिडकीपासून हलवली.

१६ डिसेंबर

हार्लनने ट्रक आणून सगळी वाट बुजवली. डॉटी, शेडवरचे लोक, सगळे फावडी घेऊन आले. लुंडांच्या दाराशी मी स्वतः बर्फ रचला, हातभर काय, छातीएवढा. आता झालं ना, म्हणून मी कोको दिला सगळ्यांना. ओसरीवर मात्र कोणी चढलं नाही, फाटकाशीच उभं राहून प्यायले.

१७ डिसेंबर

सकाळी वाट पुन्हा मोकळी. काल होती त्याहून वर आलेली. माझा झाडू दाराशी टांगलेला असतो, तो ओला.

१९ डिसेंबर

शेरीफच्या कार्यालयात फोन लावला. तिथला पोऱ्या म्हणतो, म्हणजे कोणीतरी तुमचा बर्फ फुकटात उपसून देतंय आणि तुमची तक्रार आहे? मी त्याला चार शब्द सुनावले. उपयोग काय? रस्ता मोकळा झाला की कोणीतरी बघून जाईल म्हणे.

आणि वेंडेल उभा राहिला. टेबलाला धरून, थरथरत, पण उभा. मी काय करू? जायला हवं, कळतंय मला. बहीण म्हणाली, ये, आत्ता ये. पण इथे तो बरा होतोय. नऊ महिने ज्यासाठी देवाला विनवण्या केल्या ते इथे होतंय. दोन दिवस अजून बघते. वाट अजून लांब आहे.

२१ डिसेंबर

माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती! कालच निघायला हवं होतं. खालच्या वळणावर कडा कोसळला, हमरस्ता बंद. चार-पाच दिवस तरी लागतील, हार्लन म्हणाला.

जेवताना वेंडेल खिडकीकडे बघून म्हणाला, "पोरांना गार लागतंय." स्वच्छ. पूर्वीच्या आवाजात. कुठली पोरं, म्हटलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आजारी आहे.

त्याला पोरांचं मी काही सांगितलं नव्हतं. कोणीच नाही.

२३ डिसेंबर

रोज सकाळी मी बुजवते. रोज ती वर येते. फावड्याने तळहात सोलले. डॉटी फाटकाशी सूप ठेवून जाते आणि डोळे पुसते. तिने स्वतःच्या दाराशी बर्फ रचलाय, खिडकीतून आतबाहेर करते. सगळ्यांनीच रचलाय. राग येत नाही मला. त्यांनी तरी काय करावं?

वेंडेलला म्हटलं, बघू नकोस रे तिकडे. तो माझा हात थोपटून म्हणाला, "भली माणसं आहेत." उजव्या हाताने थोपटलं. उजव्या.

२५ डिसेंबर

नाताळ. झाड नाही, काही नाही. वाट ओसरीच्या पायरीशी. चिमुकली वाट शेजारी. पायरीवर बर्फाचा एक गोळा, नीट वळून ठेवलेला, पोरं एकमेकांना देतात तसा.

वेंडेलने तो मागितला. मी लाथेने उडवला, तर माझ्यावर ओरडला. आयुष्यात कधी ओरडला नव्हता.

२६ डिसेंबर

रस्ता उघडला! उद्या उजाडताच निघायचं. फाटकाशी डॉटीने ॲपल पाय दिला, स्वतः भाजलेला, आणि फाटकावरूनच मिठी मारली. पहाटे कोणी निरोपाला येऊ नका, आधीच रडून झालंय, असं मी सगळ्यांना बजावलं. हार्लन म्हणाला, तुम्ही गेलात की आम्ही सुटकेचा निःश्वास टाकू, वाईट वाटून घेऊ नका. कसलं वाईट!

कामं आधीच उरकायची माझी सवय. सामान गाडीत भरलं. शेगडी विझवली. पुढच्या दाराशी बर्फ रचला, खांद्याएवढा, चोपून. आम्ही स्वयंपाकघराच्या दाराने निघणार. आणि जाता जाता काठीवरचा स्कार्फ सोडून घडी करून पिशवीत ठेवला. इथली रीत आहे ना. घर बंद म्हणजे कापड खाली.

बाहेर पाऊस लागलाय. बर्फावर पाऊस. वेंडेल शांत बसलाय, कोट घालून.

२७ डिसेंबर

आवाज आधी आला. मग सगळं घर हललं.

मागचा कडा. घर उभं आहे, छप्पर करकरतंय. खिडक्या पांढऱ्या. स्वयंपाकघराचं दार हलत नाही, गाडी त्याच्याच बाहेर होती. फोन मेला. टॉर्चवर लिहितेय. आम्ही दोघं धड आहोत. धीर धर नोरीन. हार्लन येईल. कोणीतरी बघेलच ना, कडा सुटलाय ते —

स्कार्फ.

स्कार्फ माझ्या पिशवीत आहे.

२८

दिवस असावा. खिडकीच्या वरच्या काचेतून निळसर उजेड येतोय.

ट्रक आला! वर, रस्त्यावर. पातेलं घेऊन भिंत ठोकली, जीव खाऊन. ट्रक थांबला. इंजिन बंद केलं त्याने. ऐकत होता. ऐकलं त्याने, देवाशपथ ऐकलं. मी ओरडत होते, हार्लन, अरे आम्ही आहोत, नोरीन आहे —

मग इंजिन सुरू झालं. घाईघाईने गेला.

त्याला वाटलं, ते आहेत.

तो परत येणार नाही. कोणी येणार नाही. गेलो म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास —

२९ ?

डॉटीचा ॲपल पाय संपला. शेगडी पेटवली तर धूर बाहेर जाईना, खोकून खोकून विझवावी लागली. वेंडेलला सगळी पांघरुणं दिली. त्याला थंडी वाजत नाही म्हणतो.

स्वयंपाकघराच्या दाराची वरची फळी फोडली. पातेल्याने खणतेय. बर्फ आत येतो तेवढाच. हात भरून येतात. थोडं खणते, थोडं लिहिते, झोप येऊ नये म्हणून.

हातात पातेलं. कळलं मला, त्यांचं काय झालं असेल —

पुन्हा

खणतंय! बाहेरून कोणीतरी खणतंय!

ओरडले. इकडे, इकडे, आम्ही इथे आहोत! आवाज जवळ आला. भराभर. रडतेय मी. डॉटी असेल. कोणाला तरी कळलं —

रस्ता मागे आहे. हा आवाज पुढून येतोय.

नदीकडून.

एक मोठं फावडं. त्याच्यामागे एक छोटं. खर्र, आणि मग टिक टिक टिक.

मी गप्प बसलेय. तोंडात कोटाची बाही कोंबून. पण वेंडेल हाका मारतोय. या, इकडे, दार इकडे आहे. काय खणखणीत आवाज आहे. लग्नाच्या वेळी होता तसा. त्याचं तोंड दाबलं तर त्याने हळूच माझा हात काढला. ताकद आहे त्याच्यात. माझ्यात नाही आता.

एवढ्या माणसांत आम्हाला काढायला आले ते हेच. ज्यांच्यासाठी कोणी आलं नाही ते.

नको वाटतंय आणि यावंसंही वाटतंय. इथे अंधारात त्याला मरताना बघण्यापेक्षा — नाही. नाही. असलं मनात आणायचं नाही.

दाराशी आले. मी रचलेला बर्फ उपसतायत. चोपून रचला होता मी —

थांबलं.

उंबऱ्यावर झाडू फिरतोय. सावकाश. कोपऱ्यासकट. मी झाडते तसा.

वेंडेल उठला. कशाला न धरता. उजवा पाय, डावा पाय, उजवा — अरे देवा, किती नीट चालतोय माझा —

कडीला हात लावला त्याने. उजेड. दाराच्या फटीतून. लहान बोटं —

वेंडेल, थांब, एकटा नको जाऊस, मी —